डिझेल इंजेक्टर (जुनी वाहने)

डिझेल इंजेक्टर हा डिझेल इंजिनाच्या ज्वलनकक्षात उच्च दाबाने इंधनाचा फवारा सोडणारा भाग होय. गॅरेजच्या बोलीत त्याला सरसकट ‘नोझल’ म्हणतात; काटेकोर अर्थाने मात्र नोझल म्हणजे इंजेक्टरच्या टोकाशी असलेली सुई व तिचे आवरण यांची जोडी. प्रस्तुत लेखात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेल्या, जुन्या जीप व मोटारींतील यांत्रिक रचनेचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. भारतात १९५१ मध्ये बंगळूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच ‘मायको’, स्थापन झाली. तिच्या नाशिक येथील कारखान्यात नोझल व इंजेक्टर तयार होऊ लागले. २००८ मध्ये कंपनीचे नाव ‘बॉश लिमिटेड’ झाले. नाशिकमधील ‘मायको सर्कल’ हे चौकाचे नाव मात्र टिकून आहे.

भागांची ओळख

टाकीतील डिझेल फीड पंपाने ओढले जाते आणि फिल्टरमधून मुख्य पंपात येते. तेथून जाड पोलादी नळ्यांद्वारे ते प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरकडे जाते. मुख्य पंपावरील नळ्यांची तोंडे एका रांगेत असल्यास तो ‘इनलाइन’ पंप, वर्तुळात असल्यास ‘रोटरी’ पंप समजावा. नोझलवर कोरलेली अक्षरेही उपयोगी पडतात: बॉश पद्धतीत ‘डीएलएलए’ म्हणजे छिद्रांचे, तर ‘डीएन’ म्हणजे पिन असलेले नोझल. दिसायला सारखे म्हणून भलत्याच क्रमांकाचे नोझल बसवू नये.

दोषनिदान

इंजिन सुरू होईना की पहिला संशय इंजेक्टरवर घेतला जातो. पुष्कळदा तो अन्यायाचा असतो. टाकी ते फीड पंप या भागातील सैल जोडातून डिझेल गळेलच असे नाही, पण हवा आत ओढली जाते आणि इंजिन अडखळते. म्हणून आधी फिल्टर व त्यात साचलेले पाणी तपासावे, मग हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. निफाडकडील थंडीत केवळ सकाळीच त्रास होत असेल, तर हीटर प्लग असलेल्या इंजिनात ते आधी पाहावेत.

धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर अपुरी हवा, जादा इंधन किंवा बिघडलेला फवारा सुचवतो. पांढरा धूर न जळालेले डिझेल दाखवतो. निळसर धुराचे कारण बहुधा इंजिन ऑइल असते.

दोषी सिलिंडर शोधण्यासाठी मंद गतीवर चालणाऱ्या इंजिनात एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करतात. ज्या नटाने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नसतो. मग तेथील इंजेक्टर काढून टेस्टरवर उघडण्याचा दाब, फवारा व टपकणे तपासतात. पिनच्या नोझलचा हा दाब साधारणपणे १२० ते १५० बार असतो. निश्चित आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. परत बसवताना तांब्याचा वॉशर नवा घालावा.

फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये; या दाबाचे डिझेल त्वचा भेदून आत शिरते. नट सैल करण्याची ही पद्धत कॉमन रेल इंजिनांत मुळीच वापरू नये, कारण त्यांतील दाब १,००० बारच्याही पुढे जातो.