बंदोपाध्याय, पद्मा

(४ नोव्हेंबर १९४४). भारतीय वायुसेनेतील पहिल्या महिला एअर मार्शल आणि वैमानिकी वैद्यकाच्या (एव्हिएशन मेडिसिन) तज्ज्ञ. माहेरचे नाव पद्मावती स्वामीनाथन. जन्म आंध्र प्रदेशातील तिरुपती येथे, तमिळभाषक अय्यर कुटुंबात. बालपण आणि शालेय शिक्षण दिल्लीत. वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत.

त्या चार-पाच वर्षांच्या असताना आईला मणक्याचा क्षय (पॉट्स व्याधी) जडला आणि आई अंथरुणाला खिळली. घरातल्या दुखण्यामुळे डॉक्टर, औषधे, दवाखाना हे शब्द लहानपणापासूनच कानांवरून जात होते. दिल्लीच्या गोल मार्केट भागात त्यांच्या शेजारी डॉ. एस. आय. पद्मावती (१९१७–२०२०) राहत. लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या या डॉक्टर पुढे भारतातील पहिल्या महिला हृदयविकारतज्ज्ञ म्हणून ख्यातनाम झाल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्यावर तिथून परागंदा होऊन भारतात आलेली ही बाई शेजारच्या मुलीला रोज दिसत होती, आणि दोघींचे नावही एकच. आईचे आजारपण आणि शेजारची डॉक्टरीण या दोन गोष्टींमुळे आपण वैद्यकाकडे वळलो, असे बंदोपाध्याय यांनी स्वतःच सांगितले आहे.

वाट मात्र सरळ नव्हती. दिल्ली तमिळ एज्युकेशन असोसिएशनच्या शाळेत त्यांनी कला शाखेचे विषय घेतले होते. तिथून विज्ञानाकडे जाण्याचा प्रघात तेव्हा नव्हता. तरी त्यांनी किरोडीमल महाविद्यालयात वैद्यकपूर्व अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवला आणि तो पार पाडून १९६३ मध्ये पुणे गाठले.

एएफएमसीची स्थापना १ मे १९४८ रोजी झाली. सुरुवातीला तिथे लष्करी डॉक्टरांचे पुढील प्रशिक्षण तेवढे चाले. बारावीनंतरच्या (त्या काळच्या भाषेत इंटर सायन्सनंतरच्या) विद्यार्थ्यांसाठी पदवीचा वर्ग १९६२ मध्ये उघडला, म्हणजे बंदोपाध्याय दुसऱ्याच वर्षी तिथे पोचल्या. वानवडीतले हे महाविद्यालय पुणे–सोलापूर रस्त्यावर, रेसकोर्सच्या जवळ आहे. पुढे लेफ्टनंट जनरल झालेल्या पुनीता अरोरा याही १९६३ मध्येच या महाविद्यालयात दाखल झाल्या होत्या. तिन्ही दलांत मिळून तीन तारकांच्या पदावर पोचलेल्या पहिल्या दोन स्त्रिया अशा एकाच आवारातून, एकाच सुमारास बाहेर पडल्या.

हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. स्त्रियांना वायुसेनेत अधिकारी होण्याची वाट तेव्हा डॉक्टरकीतूनच जात होती. पहिल्या महिला अधिकारी विजयालक्ष्मी रमणन १९५५ मध्ये आल्या, त्याही डॉक्टर म्हणूनच. त्या विंग कमांडर पदापर्यंत चढल्या. वैद्यक सोडून इतर शाखांची दारे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उघडली, आणि तीही ठरावीक मुदतीच्या नेमणुकीपुरती. मुदतीचा अधिकारी एअर मार्शल होत नाही. त्या पदाला पस्तीस-छत्तीस वर्षांची सलग नोकरी लागते. एवढी वर्षे वर्दीत राहण्याची सोय डॉक्टर स्त्रियांनाच होती. बंदोपाध्याय यांच्या कारकीर्दीकडे पाहताना ही बाजू लक्षात ठेवावी लागते.

१९६८ मध्ये त्या वायुसेनेत रुजू झाल्या. वायुसेनेतीलच अधिकारी सतीनाथ बंदोपाध्याय यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९७१च्या भारत–पाकिस्तान युद्धातील कामगिरीबद्दल पतिपत्नी दोघांनाही विशिष्ट सेवा पदक मिळाले, आणि एकाच सोहळ्यात दोघांनी ते स्वीकारले. वायुसेनेतील दांपत्याला असा मान पहिल्यांदाच मिळत होता. वृत्तपत्री लेखांत या प्रसंगाची फार वर्णने येतात. तो मान खराच, पण त्यांच्या कामाचे मोल त्यानंतरच्या तीन दशकांत आहे.

विषय निवडला तोही स्त्रियांनी फारसा न घेतलेला. वैमानिकी वैद्यक म्हणजे आजारी माणसाचे वैद्यक नव्हे. इथे माणूस धडधाकट असतो, बिघडलेले असते ते भोवतालचे वातावरण. समुद्रसपाटीपासून १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. ४०,००० फुटांवर प्राणवायूचा मुखवटा निघाला तर वैमानिकाच्या हाती शुद्धीवर राहून काही करण्याजोगे पंधरा-वीस सेकंदच उरतात. लढाऊ विमान झपकन वळते तेव्हा शरीराचे वजन अनेक पटींनी वाढल्यासारखे होते, रक्त पायांकडे ओढले जाते, आधी डोळ्यांपुढचे रंग जातात, मग अंधारी येते आणि शेवटी शुद्ध हरपते. म्हणून पाय आणि पोट आवळून धरणारा ‘जी-सूट’ घालायचा, श्वास आणि स्नायू आवळण्याचा ठरावीक सराव करायचा. हे सगळे कोणाला झेपेल आणि कोणाला नाही, हे ठरवणे डॉक्टरच्या हाती असते. वैमानिकाला ‘अनफिट’ ठरवणारी सही त्याचे उड्डाण थांबवते, त्यामुळे या शाखेतल्या डॉक्टरांबद्दल वैमानिकांच्या मनात आदर आणि धास्ती दोन्ही असतात.

या शाखेतला एक प्रयोग सर्वत्र करून दाखवला जातो. प्रशिक्षणार्थीला अल्पदाब कक्षात बसवून हवेचा दाब उतरवतात, मुखवटा काढायला सांगतात आणि कागद-पेन्सिल देऊन वजाबाक्या करत राहायला लावतात. पहिली दोन-तीन गणिते नीट उतरतात. मग आकडे ओळ सोडून खाली घसरू लागतात, अक्षर लहान मुलासारखे होते आणि शेवटी नुसत्या रेघोट्या उरतात. मुखवटा परत चढवल्यावर तो कागद पाहून प्रशिक्षणार्थी चक्रावतो, कारण आपले सगळे ठीक चालले होते अशीच त्याची समजूत असते. प्राणवायूच्या तुटवड्यात आधी विवेक जातो. धोका कळण्याची शक्ती धोक्याबरोबरच नाहीशी होते, म्हणून वैमानिकाने आपली स्वतःची लक्षणे अगोदर ओळखून ठेवायची असतात. भारतात या विषयाची मुख्य संस्था बंगळुरू येथे आहे. ती १९५७ मध्ये स्थापन झाली.

भारतासारख्या देशात या शास्त्राचा उपयोग विमानापुरता राहत नाही. सुमारे ११,५०० फुटांवरच्या लेहला सैनिक मैदानी मुलखातून तासा-दीड तासात विमानाने पोचतो. उतरल्याबरोबर धावपळ केली तर दोन-चार दिवसांत फुप्फुसांत पाणी भरून दगावण्याची भीती असते. १९६२च्या युद्धात आणि त्यानंतर या व्याधीचे बळी पडले, तेव्हा भारतीय लष्करी डॉक्टरांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. आज लेहला उतरलेल्या जवानाला पहिले सहा दिवस उंचीशी जुळवून घेण्यासाठी दिले जातात, त्यामागे तो अभ्यास आहे. थंडी, उंची आणि मानवी शरीर हा विषय बंदोपाध्याय यांना थेट उत्तर ध्रुव प्रदेशापर्यंत घेऊन गेला. तिथे शास्त्रीय संशोधन करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला समजल्या जातात. एरोस्पेस मेडिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या त्या पहिल्या महिला फेलो आहेत.

१९७८ मध्ये त्यांनी वेलिंग्टन (तमिळनाडू) येथील डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजचा अभ्यासक्रम पूर्ण केला. सैन्यदलांतील एकाही महिला अधिकाऱ्याने तोवर तो केलेला नव्हता. चरित्रकार या टप्प्याची एका ओळीत बोळवण करतात, ते बरोबर नाही. हे महाविद्यालय अधिकाऱ्यांना मोहिमांचे नियोजन आणि मुख्यालयातील कामकाज शिकवते. तिथे गेलेला डॉक्टर केवळ रुग्णालयापुरता उरत नाही. वरच्या पदांचा विचार सुरू होतो तेव्हा हे प्रशिक्षण उपयोगी पडते.

२००२ मध्ये त्या एअर व्हाइस मार्शल झाल्या आणि २००४ मध्ये एअर मार्शल. हे पद लष्करातील लेफ्टनंट जनरल आणि नौदलातील व्हाइस अ‍ॅडमिरल यांच्या बरोबरीचे. हवाई मुख्यालयात वैद्यकीय सेवांच्या महासंचालक (डायरेक्टर जनरल मेडिकल सर्व्हिसेस, एअर) म्हणून वायुसेनेची सगळी रुग्णालये, वैमानिकांच्या वैद्यकीय चाचण्या आणि तळांवरील वैद्यकीय पथके त्यांच्या अखत्यारीत आली. परम विशिष्ट सेवा पदक आणि अति विशिष्ट सेवा पदक यांनी त्यांचा गौरव झाला. निवृत्तीनंतर दीड दशकाने, २०२० मध्ये, त्यांना वैद्यक क्षेत्रातील कार्याबद्दल पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या शेजारच्या डॉ. पद्मावती वयाच्या १०३व्या वर्षी निवर्तल्या.

पुण्याच्या त्या आवारातून निघालेली ओळ पुढेही चालू राहिली. माधुरी कानिटकर २९ फेब्रुवारी २०२० रोजी लेफ्टनंट जनरल झाल्या. बालमूत्रपिंडविकाराच्या त्या तज्ज्ञ. एएफएमसीच्या विद्यार्थिनी, नंतर अधिष्ठाता. २०२१ पासून त्यांनी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, आणि एएफएमसी याच विद्यापीठाशी संलग्न आहे. साधना सक्सेना नायर आधी एअर मार्शल झाल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी लष्कराच्या वैद्यकीय सेवांच्या पहिल्या महिला महासंचालक. त्याही एएफएमसीच्याच.

दरम्यान उड्डाण शाखेत नागपूरच्या अंतरा मेहता २०२० मध्ये लढाऊ वैमानिकांच्या तुकडीसाठी निवडल्या गेल्या. महाराष्ट्रातून अशी निवड झालेल्या त्या पहिल्या महिला. वायुसेनेतील पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक – अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंह – जून २०१६ मध्ये सेवेत दाखल झाल्या. वैद्यकाबाहेरच्या शाखेतून एअर मार्शल होणारी स्त्री त्या पिढीतून यायला अजून बरीच वर्षे जावी लागतील.

एएफएमसीत मुलींना प्रवेश ‘नीट’मधील गुणांवर, त्यानंतर पुण्यात होणाऱ्या चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणीवर मिळतो. मुलींच्या जागा अनेक वर्षे वर्षाला ३० एवढ्याच राहिल्या आहेत.