विहिरीकाठची स्त्री आणि मुक्तीचा प्रश्न : पंडिता रमाबाईंच्या बायबलवाचनाचा एक अभ्यास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात जी धर्मचिकित्सा झाली तिचा अभ्यास प्रामुख्याने प्रार्थना समाज आणि सत्यशोधक समाज यांच्या अनुषंगाने झालेला आहे. त्याच काळात ख्रिस्ती झालेल्या मराठी लेखकांनी केलेली चिकित्सा मात्र बहुधा 'धर्मांतर' या एकाच सदराखाली जमा केली जाते. बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई या व्यक्तींनी धर्म का सोडला यावर पुष्कळ लिहिले गेले. त्यांनी बायबल कसे वाचले आणि त्या वाचनाच्या आधारे सभोवतालच्या श्रद्धा, रूढी व समजुती कशा तपासल्या, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत निबंधात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बायबलवाचनाचा या दृष्टीने विचार केलेला आहे. रमाबाईंनी बायबलच्या कसोटीवर हिंदू शास्त्रे तपासली हे सर्वविदित आहे. परंतु त्याच कसोटीवर त्यांनी इंग्रज चर्चलाही तपासले, आणि ही तपासणीची रीत त्यांनी इंग्लंडमध्ये संपादन केलेली नसून ती शास्त्री घराण्यातून बरोबर नेलेली होती, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पोथी तपासण्याची सवय

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. या 'अपराधा'बद्दल त्यांना उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. तेथे त्यांनी भावनेला आवाहन केले नाही. संस्कृत ग्रंथांतील वचने काढून दाखविली आणि स्त्रियांना काव्य-पुराणांचे अध्ययन करण्याचा अधिकार आहे असे सिद्ध केले. वेदांचा अधिकार मात्र त्यांनीही स्त्रियांना दिला नाही. रमाबाईंचे बालपण या घरात आणि पुढे तीर्थयात्रेत गेले. भागवत व इतर पुराणे मुखोद्गत करणे, ती मंदिरांच्या आवारात सांगणे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करणे हा त्या कुटुंबाचा व्यवसाय होता. पुढे दुष्काळात आईवडिलांचा अंत झाला. शास्त्रांनी सांगितलेली व्रते, दाने व तीर्थस्नाने यथासांग करूनही उपासमार टळली नाही, हा अनुभव रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास यांच्या श्रद्धेला पहिला तडा देणारा ठरला.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, आणि केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत त्यांच्या हाती ठेवली. वडिलांनी जो दरवाजा बंद ठेवला होता तो अशा रीतीने उघडला. धर्मशास्त्राच्या अभ्यासात त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती त्यांनी पुढे १९०७ मध्ये आपल्या आत्मनिवेदनात नमूद केली. इतर असंख्य बाबतींत परस्परविरोधी असणारे हे ग्रंथ दोन मुद्द्यांवर एकमत आहेत : स्त्रीजात स्वभावतः वाईट आहे, आणि तिला पुरुषाप्रमाणे मोक्षाचा अधिकार नाही. या निवेदनात तक्रारीचा सूर आहेच. परंतु त्याची मांडणी अनेक ग्रंथांतील वचने शेजारी ठेवून सामान्य निष्कर्ष काढणाऱ्या पंडिताची आहे. उडुपीच्या सभेत वडिलांनी जे केले तेच मुलीने केले. निष्कर्ष तेवढा उलटा निघाला.

योहानाचा चौथा अध्याय

१८८० मध्ये श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंचा बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली व हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींची एक शाखा लंडनमधील फुलम येथे होती. समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय दिला जाई. रमाबाईंना हे दृश्य सर्वस्वी नवीन होते. अशा स्त्रियांना शिक्षा सांगणारे ग्रंथ त्यांना पाठ होते. त्यांची शुश्रूषा करणारी माणसे त्यांनी प्रथमच पाहिली. असे का करता, या प्रश्नाला उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला.

या अध्यायातील कथा अशी. भर दुपारी येशू याकोबाच्या विहिरीवर एकटा बसला असता एक शोमरोनी स्त्री पाणी भरण्यास येते. तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी पुरुष शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो याचे तिला आश्चर्य वाटते, कारण या दोन समाजांत व्यवहार नव्हता. संभाषणात तिच्या पाच नवऱ्यांचा उल्लेख येतो, परंतु तेवढ्यावरून येशू तिला दूर करीत नाही. मग ती एक धर्मशास्त्रीय प्रश्न उपस्थित करते : उपासना खरी कोठे, आमच्या डोंगरावर की यरुशलेमात? खरी उपासना कोणत्याही एका स्थळाला बांधलेली नसून ती आत्म्याने व खरेपणाने करावयाची आहे, असे उत्तर तिला मिळते. शेवटी ती घागर तेथेच टाकून गावात जाते आणि गावकऱ्यांना ही वार्ता सांगते.

या कथेतील सामाजिक तपशील मराठी वाचकाला टीपेविना कळतो. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे विटाळते, हा येथील दैनंदिन प्रश्न होता. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढे १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तीर्थक्षेत्रांचा प्रश्नही तसाच. ज्या मुलीचे बालपण एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पायी जाण्यात गेले, तिला 'हा डोंगर की ते नगर' हा वाद परका वाटण्याचे कारण नव्हते. या अध्यायाच्या परंपरागत विवरणात त्या स्त्रीच्या पापावर बराच भर दिला जाई. रमाबाईंचे लक्ष मात्र दुसरीकडे गेले : येथे एका कलंकित, परजातीय स्त्रीशी मुक्तीसंबंधी बोलणे झाले, आणि अधिकाराचा प्रश्न कोणी काढला नाही. स्त्रीला मोक्ष आहे काय, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना एका कथेत मिळाले. नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोऱ्हे यांच्या मराठी पत्राने बौद्धिक शंकांचे काही निरसन केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

नव्या जोखडाला नकार

धर्मांतराने शंका संपल्या, असे त्यांच्या मिशनरी पालकांना वाटले असल्यास ते चुकीचे ठरले. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चचा अधिकार यांसंबंधी सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. चर्च सांगते ते मान्य करण्यापूर्वी ते बायबलात आहे काय, हे त्यांना पाहावयाचे होते. भारतीय पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने उतरविल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे त्यांनी १८८५ मध्ये जेराल्डीन यांना कळविले. मांसाहार त्यांनी तेथेही स्वीकारला नाही. क्रूसावरील लेख लॅटिनऐवजी संस्कृतात असावा, असा त्यांचा आग्रह होता. लॅटिन ही मातृभूमीला परकी भाषा, मग तिला पावित्र्य का द्यावे? चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना निघाली तेव्हा मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकविणारी स्त्री भारतात आदर गमावील, असे त्यांचे म्हणणे. उडुपीच्या सभेतील शास्त्री आणि हे बिशप यांच्या युक्तिवादातील साम्य सहज नजरेत भरते.

इकडे महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतरावर टीकेचा भडिमार चालू असता, फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. शास्त्रे वाचलेल्या स्त्रीने ती नाकारली, यातच त्यांना त्या घटनेचे महत्त्व दिसले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढील वर्षी पुण्यास हलविलेले शारदा सदन धर्मनिरपेक्ष तत्त्वावर चालावयाचे होते. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचून प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. कोणा मुलीने येऊन बसावे, असा आग्रह नव्हता. परंतु बसू नये, असे सांगण्यासही त्या तयार नव्हत्या. १८९३ मध्ये 'केसरी'ने या प्रश्नावर रान उठविले. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. काही मुली पुढे खरोखरच ख्रिस्ती झाल्या. परंतु या वादात एक विसंगतीही होती. बालविधवेचे केशवपन होत असताना तिच्या इच्छेची चौकशी न करणाऱ्या समाजाला ती प्रार्थनेस स्वेच्छेने बसते काय, याची अचानक काळजी लागली.

वाचनाची मर्यादा

रमाबाईंच्या चिकित्सेत एक मोठी पोकळी आहे. स्त्रीला मुक्ती नाही, हा निष्कर्ष त्यांनी संस्कृत ग्रंथांवरून काढला. मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांची मराठी अभंगवाणी त्या हिशेबात येत नाही. वडिलांच्या पोथ्यांत ती वाणी नव्हती आणि फिरस्तीचे ते बालपण वारकरी परंपरेच्या बाहेर गेले, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांचा मार्ग नेमका येथे वेगळा होतो. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. ख्रिस्ताला त्यांनी माता म्हटले, गुरू म्हटले. अभंग व भजन उपासनेत आणले आणि १९१७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंसाठी 'देवाचा दरबार' स्थापन केला. टिळकांना मराठी भक्तीत बायबलचा पूर्वरंग दिसला. रमाबाईंना शास्त्रांत तसा दिसला नाही, कारण त्यांच्या दारात त्या शास्त्रांनी भरडलेल्या मुली उभ्या होत्या.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. बायबलातही, विशेषतः पौलाच्या पत्रांत, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे अशा अर्थाची वचने आहेत. शास्त्रांतील स्त्रीनिंदेला जी कठोर तुलना लावली ती या वचनांना तितक्याच कठोरपणे लावली गेली असे दिसत नाही. केडगावच्या व्यवहारात मात्र त्या वचनांना जागा मिळाली नाही. १९०५ च्या धार्मिक जागृतीत मुक्ती सदनाच्या मुलींची प्रार्थनापथके गावोगाव गेली आणि त्यांनी पुरुषांपुढेही ख्रिस्ताची वार्ता सांगितली, त्या शोमरोनी स्त्रीने सांगितली होती तशीच. त्या प्रार्थनांतील रडणे व मोठ्याने ओरडणे पाश्चात्त्य पाहुण्यांना खटकले, तेव्हा भारतीयांनी भारतीय स्वभावानुसार प्रार्थना करावी, असे रमाबाईंनी त्यांना उत्तर दिले.

मुलींना कळेल असे बायबल

बायबलचे मराठी भाषांतर तेव्हा नवीन नव्हते. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ मध्येच मराठी नवा करार छापला होता. परंतु भाषांतरात शब्द कोठून घ्यावयाचे, हा प्रश्न त्याहून जुना. फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले होते. असा शब्द वाचकाला जवळ करतो आणि त्याच वेळी जुना अर्थ बरोबर आणतो. 'पुन्हा जन्मणे' म्हटले की मराठी श्रोत्याच्या मनात चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा उभा राहतो. 'मोक्ष' म्हटले की जन्ममरणातून सुटका, आणि तीही अधिकाऱ्याला. ज्या शब्दाने आपल्याला वगळले तोच शब्द नव्या ग्रंथात घालणे रमाबाईंना मानवणे शक्य नव्हते. प्रचलित भाषांतरातील वेदान्ती व पौराणिक छटांच्या शब्दांवर त्यांचा आक्षेप होता, तसाच संस्कृतप्रचुर भाषेवरही. संस्कृत अस्खलित बोलणाऱ्या विदुषीने संस्कृत शब्द गाळण्याचा हट्ट धरावा, ही बाब मराठी गद्याच्या इतिहासकारांनी अधिक लक्षात घ्यावयास हवी होती.

आक्षेपामागे वाचक कोण, याचे भान होते. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत व गुजरातेतून आणलेल्या मुली केडगावी होत्या. १९०० च्या सुमारास ही संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. त्यांतील कित्येकींची मातृभाषाही मराठी नव्हती. त्यांना स्वतः वाचून कळेल असा ग्रंथ हवा होता, नाहीतर अर्थ सांगणारा पुरोहित पुन्हा मधे येणार. म्हणून वयाच्या पंचेचाळिशीनंतर रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि मूळ संहितेवरून भाषांतरास आरंभ केला. काम सुमारे अठरा वर्षे चालले. १९२१ च्या जुलैत मनोरमेचे निधन झाले. संस्थेचा भार जिच्यावर सोपवावयाचा ती गेली, तरी भाषांतर थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या, तेव्हा ते पूर्ण झालेले होते. १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतचे काम मुक्ती सदनातील स्त्रियांनी केले.