आखाडा सुटल्यावर

वऱ्हाडात आखाडा हा पोरांचा. मिसरूड फुटायच्या आत लंगोट चढवायचा, दंड-बैठका मारायच्या, नागपंचमीच्या दंगलीत आपल्या जोडीचा गडी शोधायचा. लग्न झालं, वावराची नाहीतर दुकानाची जबाबदारी आली की आखाडा सुटतो. खुराकाची सवय मात्र सुटत नाही. अकोटसारख्या कापसाच्या बाजारपेठेत गादीवर बसून रुई-सरकीचे भाव करणाऱ्याचं पोट सुटलं, तर ती बरकत समजली जाई. चाळिशीत पुन्हा मातीत उतरायला कुणाची बंदी नव्हती. पण उतरून करायचं काय? समोर विशीतली पोरं, आणि वस्तादाची नजर त्यांच्यावर.

अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतरावांनी, उभ्या केलेल्या हनुमान आखाड्याची गोष्टही तरुणांचीच आहे. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. हुतात्मा राजगुरूंनी इथे व्यायामाचे धडे घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले. देशासाठी शरीर कमावण्याच्या त्या धामधुमीत संसारी माणसाच्या ढेरीची चौकशी कोण करणार?

ती चौकशी झाली साताऱ्याकडे, औंध संस्थानात. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी (जन्म १८६८) यांनी १८९७ मध्ये शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोचं व्यायामाचं साहित्य आणि पुस्तकं घेतली व दहा वर्षं त्याच्या पद्धतीने नेमाने मेहनत केली. मग १९०८ मध्ये, ऐन चाळिशीत, ते सगळं बाजूला ठेवून मिरजेच्या राजेसाहेबांचा कित्ता गिरवत सूर्यनमस्कारांवर आले. नमस्कार जुनेच होते. भवानरावांनी त्यांची शिस्तशीर मांडणी केली, संस्थानच्या शाळांत ते लागू केले, पुस्तकं लिहिली. लुईस मॉर्गन यांनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं.

नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रौढाला यात मोठी सोय होती. जोड नको, वस्ताद नको, चारचौघांत लंगोट नको. एक सतरंजी पुरे, आणि सुती सतरंज्यांसाठी तर अकोटचं नाव होतंच. नमस्कार तसा सोपा नाही. एकदा टेकवलेले तळहात जागचे हलवायचे नाहीत, आणि मागे गेलेला पाय परत दोन हातांच्या मधे आणायचा. पोट सुटलेल्या माणसाचं गाडं नेमकं इथे अडतं: गुडघा पोटाला भिडतो आणि पाऊल वीतभर मागेच राहतं. भवानरावांची मजल रोज तीनशे नमस्कारांपर्यंत होती. संस्थानिकाला ते परवडतं; सोंगणीच्या दिवसांत शेतकऱ्याला नाही.

मग नेम सुटतो आणि एकदा उतरवलेलं वजन परत येतं; पण त्याला निव्वळ आळस कारण नसतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चौथाईने घटलं, शरीराचा खर्चही आखडला. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर आधी भरली ती चरबी. स्नायू मागून आले. चाळिशीत ‘चयापचय मंदावतो’ ही समजूतही डळमळली आहे. २९ देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये दिसलं, की शरीराच्या ठेवणीचा हिशेब धरला तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास तसाच राहतो. वयाबरोबर घटतात ते स्नायू आणि हालचाल. म्हणजे दंड-बैठकांची खरी गरज ज्या वयाला, त्याच वयाला आखाड्याने वाऱ्यावर सोडलं होतं.

विदर्भाने या बाबतीत अलीकडे भर घातली ती आहाराच्या बाजूने. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार दिवसात दोनदाच जेवायला सांगत, लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी त्याला पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याची जोड दिली आणि ते घरोघर पोचवलं. चालणं लोकांनी उचललं, बैठका मागे पडल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मात्र आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, असं दोन्ही आहे. अकोटच्या हिशेबात ते म्हणजे पाच सकाळी पोपटखेडच्या रस्त्याने अर्धा-अर्धा तास आणि दोन दिवस घरी बैठका. वर्षभर बसलेल्याने त्या आधी खुर्चीच्या पाठीला धरून, पाच-सातच काढाव्यात. वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकतो. तेव्हा रस्त्यावरचं चालणं उन्हं वर यायच्या आत उरकावं लागतं.