बॅटरी सेव्हर लावा, पण ‘दामिनी’ला सूट द्या, लाइट नसताना मोबाइल टिकवणाऱ्या सेटिंग्ज

परभणी : पावसाळ्यात वारं सुटलं की गावाकडची लाइट जाते आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. नेमकं तेव्हाच मोबाइल चालू राहणं गरजेचं असतं. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असो की परभणी, सगळ्याच तालुक्यांत आता सातबारा, ई-पीक पाहणी आणि हवामानाचा अंदाज मोबाइलवरच पाहिला जातो. बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंग्ज जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतात. मात्र त्या विचार न करता लावल्या, तर कामाचे अलर्टही बंद पडू शकतात.

बॅटरी सेव्हर नेमकं काय करतं?
स्क्रीन बंद असतानाही अनेक ॲप मागे चालू राहतात. ती नेट वापरतात, लोकेशन घेतात आणि चार्जिंग खातात. बॅटरी सेव्हर या ॲपना आवर घालतं. साधे कॉल आणि एसएमएस चालूच राहतात, त्यामुळे मोटारीच्या मोबाइल स्टार्टरला फोन लावायला अडचण येत नाही.

कसं लावायचं?
- सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’ उघडून ‘बॅटरी सेव्हर’ किंवा ‘पॉवर सेव्हिंग’ चालू करा. कंपनीनुसार नाव थोडं वेगळं असतं.
- ठरावीक टक्क्यांवर ते आपोआप चालू व्हावं, अशीही सोय बहुतेक फोनमध्ये असते. तिथं ३० टक्के ठेवा. लाइट रात्रभर येणार नाही असं दिसलं, तर फोन भरलेला असतानाच सेव्हर लावा. १० टक्के उरल्यावर लावून फारसा उपयोग होत नाही.
- ‘ॲडॅप्टिव्ह बॅटरी’ कायम चालू ठेवा. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून आलेली ही सोय कमी वापरात असलेल्या ॲपना आपोआप मागे ठेवते.
- स्क्रीनचा उजेड कमी करा आणि स्क्रीन ३० सेकंदांत बंद होईल असं ठेवा. डार्क मोडचा खरा फायदा ॲमोलेड स्क्रीनवर होतो, साध्या एलसीडी स्क्रीनवर फारसा होत नाही.

‘दामिनी’ला सूट का द्यायची?
विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं तयार केलं आहे. तुमच्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची माहिती ते देतं. त्यासाठी त्याला नेट आणि लोकेशन दोन्ही लागतं. बॅटरी सेव्हरनं या ॲपला अडवलं, तर अलर्ट उशिरा येऊ शकतो किंवा येतही नाही.

म्हणून ‘दामिनी’च्या चिन्हावर बोट दाबून धरा, ‘ॲप इन्फो’मध्ये जा, ‘बॅटरी’ उघडा आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा. लोकेशनची परवानगी ‘ऑल द टाइम’ ठेवा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करावं लागतं.

तरीही बॅटरी सेव्हर चालू असताना स्क्रीन बंद झाली की काही फोन लोकेशन थांबवतात. त्यामुळे आभाळ भरून आलं की ॲप अधूनमधून उघडून बघा. अलर्ट आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जा. विजा चमकत असताना चार्जिंगला लावलेला फोन वापरू नका.

शिवारात चार्जिंग लवकर का उतरतं?
नेटवर्क कमी असलं की टॉवर धरण्यासाठी फोन जास्त ताकद लावतो. ५जी येत-जात असेल तर सेटिंगमध्ये ४जी निवडा. नेटवर्क अजिबातच नसेल तर एअरप्लेन मोड लावा. मात्र त्या मोडमध्ये फोन, मेसेज आणि अलर्ट सगळंच बंद राहतं, हे लक्षात ठेवा.

ई-पीक पाहणीला शेतात उभं राहून लोकेशनसह पिकाचा फोटो काढावा लागतो. जीपीएस, कॅमेरा आणि उन्हात वाढवलेला उजेड या तिन्हींमुळे चार्जिंग झपाट्यानं उतरतं. निघताना फोन पूर्ण भरून घ्या आणि काम होईपर्यंत व्हिडिओ बघू नका.

उन्हानं बॅटरीचं आयुष्य घटतं
सेटिंग्ज दिवसाचं चार्जिंग वाचवतात, पण उष्णता बॅटरी कायमची खराब करते. परभणीच्या उन्हाळ्यात फोन ट्रॅक्टरवर, बांधावर किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. फोन तापला असेल तर आधी सावलीत थंड होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा. रोजच्या वापरात चार्जिंग २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलं तर बॅटरी जास्त वर्षं टिकते. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर तो फोन चार्ज करू नका आणि वापरणंही थांबवा.

एक गैरसमज
उघडी ॲप सारखी पुसून टाकल्यानं बॅटरी वाचत नाही. तेच ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त चार्जिंग लागतं. कोणतं ॲप किती बॅटरी खातं, हे ‘बॅटरी युसेज’मध्ये दिसतं. यादीत सगळ्यात वर असलेलं ॲप कामाचं नसेल तर ते काढून टाका.