स्टेजवरचा लाल डाग निळा करावा लागला! विजय तेंडुलकरांच्या नाटकांवर इतका राडा का व्हायचा?

1970 सालची गोष्ट. मराठी रंगभूमीवर ‘गिधाडे’ नावाचं नाटक आलं. बाप, दोन मुलगे आणि एक मुलगी, घरातला प्रत्येक जण पैशासाठी दुसऱ्याचे लचके तोडायला टपलेला. एका प्रसंगात भाऊच बहिणीच्या पोटात लाथा घालतात, तिचा गर्भ पडतो आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो.

सेन्सॉरचा आक्षेप या डागावर होता. मग दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागू यांनी काय करावं? डाग निळा केला. प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जायचं की दिसेल निळा, पण तो लाल आहे असं समजा. साहजिकच, ज्यांचं लक्षही गेलं नसतं तेही त्या डागाची वाट बघत बसायचे.

हे नाटक लिहिणारा माणूस म्हणजे विजय तेंडुलकर. आज त्यांची नाटकं विद्यापीठांत अभ्यासाला असतात, देशातल्या बऱ्याच भाषांत होतात. पण ती आली तेव्हा मोर्चे, कोर्टकचेऱ्या, बंदी हे सगळं झालं. असं काय होतं त्यांच्या नाटकांत? सुरुवातीपासून बघू.

तेंडुलकर नेमके कोण?

जन्म 6 जानेवारी 1928. वडील कारकून, त्यांचा पुस्तकं छापण्याचा छोटा व्यवसायही होता. त्यामुळे घरात पुस्तकं भरपूर. बालपण मुंबई आणि कोल्हापुरात गेलं. 1942 च्या ‘चले जाव’ चळवळीत चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. म्हणजे ज्यांच्यावर पुढे पोरांनी पीएचडी केली, त्यांचं स्वतःचं औपचारिक शिक्षण अर्धवट राहिलं होतं.

पोटापाण्यासाठी त्यांनी पत्रकारिता केली. ‘नवभारत’, ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ अशा दैनिकांत नोकरी केली, सदरं लिहिली. ही पत्रकारिता त्यांच्या नाटकांत जागोजागी दिसते. बातमी संपते तिथून पुढे माणसाचं काय होतं, हे ते लिहायचे.

सुरुवात मात्र फजितीने झाली. 1955 साली ‘गृहस्थ’ हे नाटक आलं आणि पडलं. इतकं की आता पुन्हा नाटक लिहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. सुदैवाने ते टिकलं नाही. ‘श्रीमंत’, ‘माणूस नावाचे बेट’ ही नाटकं आली. 1960 साली विजया मेहता आणि मंडळींनी ‘रंगायन’ ही संस्था काढली आणि तेंडुलकरांना हवी तशी माणसं मिळाली.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये काय होतं?

1967 साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनात हे नाटक आलं. मुंबईची एक हौशी नाटक मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला जाते. वेळ जावा म्हणून ते एक खोटा खटला खेळतात. आरोपी कोण? त्यांच्यातलीच शिक्षिका, लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा.

खेळ म्हणून सुरू झालेला खटला हळूहळू खरा होतो. बेणारेबाई अविवाहित आहे, गरोदर आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. जो पुरुष याला जबाबदार आहे तो प्रोफेसर तिथे हजरच नसतो आणि त्याच्यावर खटलाही चालत नाही. शिक्षा फक्त तिला.

सुलभा देशपांडे यांनी केलेली बेणारे मराठी रंगभूमीवर मैलाचा दगड ठरली. नाटक अनेक भारतीय भाषांत गेलं. 1971 साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर सिनेमा केला. आज सोशल मीडियावर एखाद्या मुलीचं खासगी आयुष्य चघळलं जातं ना, ते बघताना हे नाटक आठवल्याशिवाय राहत नाही.

‘सखाराम बाइंडर’ कोर्टात का गेलं?

1972. सखाराम हा पुस्तकं बांधणारा बाइंडर. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना तो घरी आणतो, लग्न न करता ठेवतो. नियम त्याचे, पण फसवणूक नाही, सगळं तोंडावर. नवऱ्यापेक्षा मी बरा, असा त्याचा दावा. लक्ष्मी आणि चंपा या दोन बायका त्याच्या घरात येतात आणि त्याचा हा सगळा हिशेब कोलमडतो.

निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग. शिव्या, दारू, शरीरसंबंधांचा उघड उल्लेख, यावरून गदारोळ झाला. 13 प्रयोगांनंतर नाटक अडकलं. सेन्सॉरने कापाकापी मागितली. सारंग थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. या लढाईवर त्यांनी पुढे ‘बाइंडरचे दिवस’ हे पुस्तक लिहिलं.

मराठीत शिव्या नवीन नव्हत्या. खरी अडचण वेगळी होती. लग्न या गोष्टीत बाईला नेमकं काय मिळतं, हा प्रश्न सखारामसारख्या माणसाच्या तोंडून आला होता आणि त्याचं सोपं उत्तर कुणाकडे नव्हतं.

आणि मग ‘घाशीराम’

त्याच वर्षी, 16 डिसेंबर 1972 ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. तमाशा, दशावतार, कीर्तन अशा लोककलांचा वापर आणि मागे माणसांचीच हलती भिंत. असं काही मराठी प्रेक्षकाने पाहिलं नव्हतं.

गोष्ट पेशवाईतली. पुण्यात अपमान झालेला घाशीराम आपली मुलगी नानांच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. मग शहरावर सूड उगवतो. काम झाल्यावर नाना त्याला जमावाच्या तोंडी देतात. खऱ्या इतिहासातला घाशीराम 1791 साली जमावाकडून मारला गेला होता.

आक्षेप काय होता? नाना फडणवीसांची बदनामी आणि ब्राह्मणद्वेष. तेंडुलकरांचं म्हणणं होतं की हे ऐतिहासिक नाटक नाहीच. सत्ता आपल्या सोयीसाठी एखादा घाशीराम तयार करते, वापरते आणि फेकते, हे त्यांना दाखवायचं होतं. त्या काळात मुंबईत शिवसेना वाढत होती. अनेक समीक्षकांनी त्या संदर्भातही हे नाटक वाचलं आहे.

19 प्रयोगांनंतर पीडीए या संस्थेने नाटक बंद केलं. तरुण कलाकार बाहेर पडले, 1973 मध्ये त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ काढली आणि 1974 पासून नाटक पुन्हा सुरू केलं. 1980 साली हेच नाटक युरोप दौऱ्यावर निघालं तेव्हाही परदेशात महाराष्ट्राची बदनामी होईल म्हणून विरोध झाला. तरीही दौरा झाला आणि गाजला.

सिनेमावाले तेंडुलकर तुम्ही पाहिलेत, कदाचित नाव माहीत नसेल

1973 ते 1975 या काळात त्यांना नेहरू फेलोशिप मिळाली. विषय होता समाजातली वाढती हिंसा. या काळात ते देशभर फिरले. त्याच सुमारास आणि नंतर आलेल्या पटकथांची यादी बघा: ‘सामना’ आणि ‘निशांत’ (1975), ‘मंथन’ (1976), ‘सिंहासन’ (1979), ‘आक्रोश’ (1980), ‘उंबरठा’ (1982), ‘अर्धसत्य’ (1983). ‘मंथन’साठी त्यांना पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साखरसम्राट, जमीनदार, मंत्री, पोलीस अशी सत्तेची सगळी रूपं यात येतात. ‘सामना’तला साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील आपल्या सोलापूरकडच्या प्रेक्षकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग तेंडुलकरांवर टीका फक्त सनातन्यांनीच केली का?

नाही आणि हा भाग महत्त्वाचा आहे.

1981 मध्ये इंडियन एक्स्प्रेसचे पत्रकार अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातून एक बाई विकत घेऊन माणसांचा बाजार उघड केला. त्यावरून तेंडुलकरांनी ‘कमला’ लिहिलं. यात ते पत्रकारालाच प्रश्न विचारतात. विकत आणलेली कमला पत्रकाराच्या बायकोला निरागसपणे विचारते, तुला केवढ्याला घेतलं? त्याच सुमारास आलेल्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये समलैंगिक मुलगी नायिका होती. त्या काळात मराठी नाटकात याचा विचारही कुणी करत नव्हतं.

पण 1983 च्या ‘कन्यादान’ने वेगळं वादळ उठवलं. समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती, अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करते. अरुण तिला मारहाण करतो. बापाचे आदर्श आणि मुलीचं आयुष्य यांची टक्कर होते. दलित चळवळीतल्या अनेकांचा सवाल होता: शतकानुशतकं अन्याय सोसलेल्या माणसालाच हिंसक दाखवलं, तर सवर्ण प्रेक्षक आपल्या मनातला पूर्वग्रह घट्ट करूनच घरी जाणार नाही का? विरोध चप्पल फेकण्यापर्यंत गेला. याच नाटकासाठी त्यांना 1993 चा सरस्वती सन्मान मिळाला आणि तो स्वीकारताना त्यांनी या चपलांचाही उल्लेख केला.

त्यांच्या नाटकांतल्या बायका शेवटी हरतात, मोडतात, असाही आक्षेप आहे. दुसरी बाजू म्हणते, तेंडुलकर उपाय सांगत नव्हते, दिसतं ते मांडत होते. हा वाद आजही मिटलेला नाही.

सेन्सॉरचं हे प्रकरण आलं कुठून?

मूळ इंग्रजांत. 1876 साली त्यांनी नाट्यप्रयोग कायदा आणला, कारण नाटकांतून सरकारवर टीका होऊ लागली होती. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’वर बंदी आली ती याच इंग्रजी राजवटीत. गंमत म्हणजे हा कायदा देशाच्या कायद्यांच्या यादीतून निघायला 2018 उजाडलं.

पण महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ ही यंत्रणा वेगळी आहे. नाटक करायचं तर संहिता आधी मंडळाकडे द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं. या पूर्वतपासणीला अभिनेते अमोल पालेकर यांनी 2016 मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संघालाही हे प्रमाणपत्र लागतं. रिल्सवर कुणीही काहीही टाकू शकतो, तालमीतल्या पोरांना मात्र आधी कागद लागतो.

शेवट आणि सुरुवात

1984 साली तेंडुलकरांना पद्मभूषण मिळाला. 2004 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या नाटकांचा महोत्सव झाला, तिथे ‘सखाराम बाइंडर’ इंग्रजीत झालं. आयुष्याची अखेरची वर्षं जड गेली. 2001 मध्ये मुलगा आणि पत्नी गेल्या, 2002 मध्ये ‘रजनी’ म्हणून घराघरात पोहोचलेली मुलगी प्रिया तेंडुलकर गेली. 19 मे 2008 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आता वाचायचं कुठून? ‘शांतता! कोर्ट चालू आहे’पासून. एका बैठकीत होतं. मग ‘घाशीराम’, पण ते शक्य असेल तर बघा, कारण त्यातली निम्मी गंमत गाण्या-नाचात आहे. ‘कन्यादान’ एकट्याने वाचू नका, दोन-चार मित्रांसोबत वाचा. भांडण होईल. तेंडुलकरांच्या नाटकाचं ते नेहमीचंच आहे.