वक्ररेषेचे कर्तृत्व

ग्रंथाचा कर्ता कोण, मूळ पाठ कोणता आणि प्रक्षिप्त कोणता, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाहीत. मात्र ज्या अक्षराकृतींच्या द्वारे ग्रंथ आपल्यापुढे येतो, त्या आकृतींच्या कर्तृत्वाचा विचार आपण क्वचितच करतो. आज पडद्यावर वाचलेले किंवा ऑफसेटवर छापलेले बहुतेक प्रत्येक अक्षर एका विशिष्ट प्रकारच्या वक्ररेषेने बांधलेले असते. चित्रकार संगणकावर पेन टूल घेऊन पान, पक्षी वा बोधचिन्ह काढतो, तेव्हा त्याच्या हाताखालीही तीच रेषा असते. या रेषेचा उगम छापखान्यातही नाही आणि चित्रशाळेतही नाही. तो फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत आहे. आमच्या मते सदिश आकृती, म्हणजेच व्हेक्टर आकृती, ही चित्रापेक्षा लिखित मजकुराला अधिक जवळची आहे. म्हणूनच तो मजकूर वाचण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाकडे होता, या अंगाने तिचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

छायाचित्र संगणकात साठवले जाते ते ठिपक्यांच्या जाळीच्या रूपाने. जाळी मोठी केली की ठिपके दिसू लागतात. सदिश आकृतीत ठिपके नसतात, सूचना असतात: अमुक बिंदूपासून आरंभ करा, तमुक बिंदूपर्यंत असे वळण घ्या, आकृती बंद करा, आतील भाग भरा. या सूचना तिकिटाच्या आकारात अमलात आणा वा भिंतीएवढ्या. कड सारखीच स्वच्छ राहते. प्रश्न एवढाच होता की ‘असे वळण’ यातील ‘असे’ आकड्यांत सांगायचे कसे?

संगणकापूर्वी हे ज्ञान हातात होते. जहाजे बांधणारे कारागीर लाकडाची लवचिक पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून धरत, आणि पट्टी स्वभावतः जे वळण घेई ते रेखून घेत. अभियांत्रिकीच्या आरेखकाजवळ फ्रेंच कर्व्हच्या पट्ट्या असत. आपल्याकडे निर्णयसागरच्या खिळ्यांमागे राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कोरक्यांचा हात होता. पोलादावर उलटे अक्षर कोरताना वळण कोठे जाड ठेवायचे आणि कोठे निमुळते करायचे, हे तो हात जाणत असे. हे ज्ञान शिष्याला शेजारी बसवून देता येई, परंतु पत्राने पाठवता येत नसे.

मोटारीच्या कारखान्यात नेमकी हीच अडचण होती. कल्पक चित्रकार गाडीचा आकार काढी, त्यावरून आरेखन होई, आरेखनावरून साचे, साच्यांवरून लाकडी वा मातीची प्रतिकृती आणि तिच्यावरून पत्रा ठोकण्याची हत्यारे. प्रत्येक टप्प्यावर आकार थोडा बदले. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून पाठभेद शिरावेत तसाच हा प्रकार होता. भांडण उद्भवले की प्रमाण प्रत कोणती, हे ठरवणे कठीण होई. आकार आकड्यांत लिहिता आला तर सर्व टप्प्यांना एकच संहिता मिळेल, ही गरज दोन कारखान्यांत जवळजवळ एकाच काळात जाणवली.

पॉल द कास्तेल्जो हे तरुण गणिती १९५८ साली सित्रोएन कंपनीत रुजू झाले आणि १९५९ सालीच त्यांनी आपली पद्धत टिपणात मांडली. पद्धत इतकी साधी आहे की कागदावर पट्टीने करून पाहता येते. चार बिंदू घ्या आणि ते क्रमाने तीन रेषाखंडांनी जोडा. प्रत्येक खंडाचा मध्य काढा. तीन बिंदू मिळतील. ते जोडून पुन्हा मध्य काढा, दोन मिळतील. त्या दोहोंचा मध्य काढा. हा शेवटचा बिंदू वक्ररेषेवर असतो. मध्याऐवजी एकतृतीयांश, एकचतुर्थांश अशी प्रमाणे घेत गेले की रेषेवरचा हवा तो बिंदू हाती येतो. चारांपैकी पहिला आणि शेवटचा बिंदू रेषेची टोके असतात. मधले दोन सामान्यतः रेषेला शिवतही नाहीत. ते दुरून तिला आपल्याकडे ओढतात. कास्तेल्जो अशा बिंदूंना ‘ध्रुव’ म्हणत. या रचनेच्या मुळाशी असलेल्या बहुपदी सेर्गेई बर्नस्टाइन या गणितज्ञाने १९१२ सालीच मांडल्या होत्या, परंतु त्या वेगळ्याच सिद्धान्ताच्या सिद्धतेसाठी. त्यांतून गाडीचे मडगार्ड निघेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी येणे शक्य नव्हते.

सित्रोएनने हे काम गुपित ठेवले. दरम्यान रेनॉ कंपनीतील अभियंते पिएर बेझिए (१९१०–१९९९) स्वतंत्रपणे त्याच रेषेपाशी पोहोचले. त्यांची वाट भौमितिक होती. एका पेटीत बसवलेले मूळ वळण त्यांनी कल्पिले. पेटी तिरकी केली, ताणली वा दाबली की आतले वळणही तिच्यासह बदलते. साठच्या दशकात त्यांनी आपले काम प्रसिद्ध केले आणि ‘युनिसर्फ’ नावाची प्रणाली रेनॉमध्ये उभी केली. पुढे ए. आर. फॉरेस्ट यांनी या रेषेचे बर्नस्टाइनच्या बहुपदींशी असलेले नाते दाखवून दिले. सित्रोएनमधील टिपणांची विद्वानांना ओळख झाली ती सत्तरच्या दशकात, मुख्यतः वोल्फगांग बोम या जर्मन गणितज्ञामुळे. तोवर रेषेला बेझिएंचे नाव पडून गेले होते. आज रेषा बेझिएंच्या नावे आणि ती काढण्याची पद्धत २०२२ साली निवर्तलेल्या कास्तेल्जोंच्या नावे, अशी वाटणी रूढ आहे. यात बेझिएंकडे दोष जात नाही. त्यांनी कोणाचे काही घेतले नव्हते. प्रसिद्धीपूर्वी लेखन दडपले गेले तर कर्ता कसा मागे पडतो, याचे वाङ्मयेतिहासातही आढळणारे हे उदाहरण आहे.

अमेरिकेत त्याच सुमारास याच प्रश्नाची दुसरी बाजू हाताळली जात होती. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली एमआयटीत ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. त्यात प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेघा आणि वर्तुळखंड काढता येत. मुक्त वक्ररेषा त्यात नव्हती, पण एक दूरगामी कल्पना होती. आपण एक आकृती घडवायची, तिला मूळ मानायचे आणि तिच्या हव्या तितक्या प्रतिमा चित्रात बसवायच्या. मूळ आकृतीत दुरुस्ती केली की सर्व प्रतिमा आपोआप दुरुस्त होत. छापखान्यातील मातृका आणि तिच्यातून ओतलेले खिळे यांचे नाते असेच, फरक इतकाच की एकदा ओतलेला खिळा मातृका बदलल्याने बदलत नाही.

ही रेषा चित्रकाराच्या टेबलावर आली ती जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्यामुळे. वॉरनॉक हे सदरलंड यांनी सहसंस्थापक म्हणून उभारलेल्या कंपनीत काम करून पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत आले होते. पानाचे वर्णन करणारी एक भाषा तेथे सिद्ध झाली, परंतु झेरॉक्स ती लवकर खुली करीना. पुन्हा तेच गुपित! दोघे १९८२ साली बाहेर पडले, त्यांनी ॲडोबी ही कंपनी स्थापली आणि १९८४ साली ‘पोस्टस्क्रिप्ट’ भाषा आणली. तिच्यात ‘कर्व्हटू’ ही आज्ञा आहे: सध्याच्या बिंदूपासून पुढे तीन बिंदू सांगा, वळण तयार. १९८७ साली आलेल्या ‘इलस्ट्रेटर’ने याच आज्ञेला हात दिला. ज्याला भाषा येत नव्हती, त्यालाही आता पेन टूलने ती वाक्ये लिहिता येऊ लागली.

हे टूल प्रथम हाती घेणारा विद्यार्थी गोंधळतो, याचे कारण त्याच्या नावात आहे. ते पेनसारखे चालतच नाही. येथे रेघ ओढायची नसते. बिंदू ठेवायचा आणि त्यातून निघणारे हँडल ओढायचे. हँडलची दिशा म्हणजे रेषेची त्या ठिकाणची स्पर्शिका. बिंदूची दोन्ही हँडल एका सरळ रेषेत ठेवली तर वळण अखंड वाहते. ती एकमेकांपासून मोकळी केली तर कोपरा निघतो. चालू वळणात नवा बिंदू घातला तरी आकार तसूभरही हलत नाही, कारण कास्तेल्जोंच्या मध्य काढण्याच्या क्रियेतच एका वळणाची दोन अचूक वळणे करण्याची युक्ती अंतर्भूत आहे. तथापि या रेषेला मर्यादाही आहे. तिच्याने शुद्ध वर्तुळ निघत नाही. चार तुकडे जोडून आणि प्रत्येक हँडल त्रिज्येच्या सुमारे ०.५५२३ पट ठेवून जे वर्तुळ आपण काढतो, त्याच्या त्रिज्येत कमाल ०.०२७ टक्क्यांची चूक राहते. डोळ्याला ती दिसत नाही. जाणकार बिंदू कमीत कमी ठेवतो. बिंदू वाढले की वळणाला गाठी पडतात आणि पुढची दुरुस्ती अवघड होते.

अक्षरांच्या बाबतीत येथे एक जुना वाद उभा राहतो. अक्षर म्हणजे लेखणीचा प्रवास की त्या प्रवासाची बाह्यरेषा? हँबर्गच्या पेटर कारो यांनी सत्तरच्या दशकात ‘इकारुस’ प्रणालीने अक्षरांच्या बाह्यरेषा आकड्यांत उतरवल्या. डोनाल्ड कनुथ यांनी त्याच दशकाच्या अखेरीस ‘मेटाफॉन्ट’मध्ये उलट मार्ग धरला: लेखणीचा आकार सांगा, तिचा मार्ग सांगा, जाडी-बारीकी आपोआप उमटेल. देवनागरीचे जाड-बारीक तर बोरूच्या तिरक्या कापातूनच जन्मलेले. तिला दुसरी वाट जवळची वाटावी. १९९१ साली फ्रान्स फेल्टहाउस यांनी नेदरलंड्समध्ये मेटाफॉन्टमधून देवनागरी सिद्धही केली. परंतु बाजारात जिंकली ती बाह्यरेषा. ‘व’चे पोट आता लेखणीच्या एका फिरक्याने होत नाही, बाहेरची एक बंद रेषा आणि आत उलट दिशेने फिरणारी दुसरी बंद रेषा, यांच्यामधील भरलेली जागा म्हणजे ‘व’. लेखणीचे वळण त्यात राहील की नाही, हे बिंदू ठेवणाऱ्याच्या जाणिवेवर अवलंबून असते.

ती जाणीव असलेला माणूस आपल्याला लाभला हे सुदैव. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक. अक्षराचा विचार त्यांनी लेखणी, उच्चार आणि संगणक या तिन्ही अंगांनी केला. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राबरोबर ‘विन्यास’ ही अक्षररचनेची प्रणाली घडवण्यात त्यांचा वाटा होता, आणि विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. त्यांच्या कवितेवर आपल्याकडे लिहिले गेले आहे. ‘मंगल’ मात्र लाखो मराठी माणसांनी कर्त्याचे नाव न विचारता वाचला.

आता अधिकाराचा प्रश्न. ॲडोबीने आपल्या ‘टाइप १’ फॉन्टांची बांधणी आरंभी कूटबद्ध ठेवली होती. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पर्यायी ‘ट्रूटाइप’ची घोषणा केल्यावरच, १९९० साली, ती प्रसिद्ध झाली. २००१ साली एसव्हीजी हे वेबसाठीचे प्रमाण संमत झाले. त्यात आकृती साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असते. कोणीही ती उघडावी, आकडे वाचावेत, बदलावेत. इंकस्केप (२००३) हे चित्रासाठी आणि फॉन्टफोर्ज हे अक्षरांसाठी, अशी दोन्ही साधने मुक्तपणे उपलब्ध झाली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत. हा परवाना अभ्यासकांनी वाचण्यासारखा आहे. त्यात फॉन्ट बदलण्याची मुभा असते, मात्र बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि कर्त्याने नाव राखून ठेवले असल्यास बदललेल्या फॉन्टाला ते लावता येत नाही. पाठ बदला, पण तो मूळ कर्त्याच्या माथी मारू नका, असा हा संपादनधर्म आहे.

मराठीला याचे प्रयोजन काय? अगदी जवळचे आहे. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने वेगळी लिहिली जातात आणि हिंदी वळणाने वेगळी. महाराष्ट्र शासनाने २००९ सालच्या वर्णमालाविषयक निर्णयात मराठी वळणाचा पुरस्कार केला. तरीही अनेक फॉन्टांत मूळ आकृती हिंदी वळणाचीच असते. शासननिर्णयाने पडद्यावरचा ‘ल’ बदलत नाही. तो बदलतो कोणीतरी फाइल उघडून बिंदू हलवल्यावर, किंवा मराठीसाठी वेगळी आकृती काढून ती भाषेनुसार निवडली जाण्याची ओपनटाइपमधील सोय वापरल्यावर. फॉन्ट बंद असेल तर तक्रार करून थांबावे लागते. तो खुला असेल तर पुण्याच्या वा पणजीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही हे काम करता येते.

म्हणून आम्हांला वाटते की भाषेच्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सा शिकवताना एक तास या कामाला द्यावा. एक खुला फॉन्ट उघडावा, ‘ल’च्या बाह्यरेषेवरील बिंदू मोजावेत, एक हँडल ओढून पाहावे. आपण वाचतो ते अक्षर कोणीतरी लिहिलेले आहे, त्याला पाठभेद आहेत, आणि त्या पाठाविषयी मत देण्याचा अधिकार वाचकालाही आहे, हे त्या एका तासात विद्यार्थ्याला पुरेसे कळेल.