रिक चार्ल्सवर्थ

रिचर्ड इयान चार्ल्सवर्थ (जन्म : ६ फेब्रुवारी १९५२) हे ऑस्ट्रेलियाचे माजी हॉकीपटू आणि त्या देशाच्या महिला व पुरुष या दोन्ही राष्ट्रीय संघांचे माजी प्रशिक्षक आहेत. दोन्ही संघांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रत्येकी दोन विश्वचषक जिंकले. वैद्यकशास्त्राचे पदवीधर असलेले चार्ल्सवर्थ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले. १९८३ ते १९९३ या काळात ते मजूर पक्षातर्फे पर्थ मतदारसंघाचे खासदार होते.

खेळाडू

१९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते प्रथम खेळले. १९७६ साली माँट्रियल येथे अंतिम सामन्यात न्यूझीलंडकडून ०–१ असा पराभव झाल्याने संघाला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. १९८०च्या संघात त्यांची निवड झाली होती. परंतु बहिष्कारामुळे ऑस्ट्रेलियाचा हॉकी संघ मॉस्कोला गेलाच नाही. तेथील सुवर्णपदक भारताने पटकावले. १९८४ व १९८८ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये, म्हणजे चार्ल्सवर्थ खासदार असताना, संघ चौथा आला. १९८६ साली लंडन येथे विश्वचषक जिंकणाऱ्या संघात ते होते. ऑलिंपिक सुवर्णपदक मात्र खेळाडू म्हणून त्यांना लाभले नाही.

प्रशिक्षक

ते सुवर्णपदक त्यांच्या वाट्याला आले ते महिला संघामुळे. १९८८चा विजेता असलेला हा संघ बार्सिलोनात पाचव्या स्थानी घसरला होता. १९९३मध्ये चार्ल्सवर्थ यांनी त्याची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर संघाने १९९४ व १९९८चे विश्वचषक आणि १९९६ (अटलांटा) व २००० (सिडनी) येथील ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. एकाच कर्णधारावर विसंबून न राहता नेतृत्व अनेक खेळाडूंमध्ये वाटणे आणि सामना चालू असताना सतत खेळाडू बदलून खेळाचा वेग टिकवणे, ही त्यांच्या पद्धतीची ठळक वैशिष्ट्ये होत.

२००९ ते २०१४ या काळात ते पुरुष संघाचे प्रशिक्षक होते. २०१० व २०१४चे विश्वचषक जिंकणारा हा संघ लंडन ऑलिंपिकच्या उपान्त्य सामन्यात जर्मनीकडून हरला आणि कांस्यपदकावर थांबला.

भारताशी संबंध

२००७–०८मध्ये ते भारतीय हॉकीचे तांत्रिक सल्लागार होते. त्या वेळी मुंबईचे ज्वाकिम कार्व्हालो भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. मार्च २००८मध्ये चिलीतील पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून ०–२ असा पराभव झाल्याने १९२८नंतर प्रथमच भारत ऑलिंपिकला मुकला. प्रशासनाशी मतभेद झाल्याने चार्ल्सवर्थ यांनी त्याच वर्षी पद सोडले. पुढे २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात भारताला ८–० असे नमवले. त्यांचे तेव्हाचे साहाय्यक ग्रॅहम रीड यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले.